दोर बांधायच्या आधी दहा मिनिटं थांबा : गाडी टोचन कशी करायची आणि ती वेळच येऊ नये म्हणून काय बघत राहायचं

गाडी बंद पडली की कुणीतरी भला माणूस थांबतोच आणि त्याचा पहिला प्रश्न असतो, "दोर आहे का?" बॅटरी बघितली का, डिझेल आहे का, हे नाही विचारत कुणी, थेट दोर. गाडी बंद पडल्याने जेवढं नुकसान होतं त्याच्या दुप्पट ती घाईघाईत ओढल्याने होताना मी बघितलंय, माझ्या स्वतःच्या गाडीचंही झालंय. पहिल्यांदा टोचन केलं, म्हणजे बंद गाडी दुसऱ्या गाडीने दोराने ओढली, तेव्हा आम्ही दोर बंपरखालच्या पत्र्याच्या एका भोकातून ओवला होता, दिसायला चांगला जाड पत्रा होता, पण पहिल्याच झटक्यात तो वाकला, बंपर अर्धा लोंबायला लागला आणि गाडी जागची हललीसुद्धा नाही. मूळ बिघाड काय निघाला माहितीये? बॅटरीच्या टर्मिनलचा नट सैल. दहा नंबरच्या पान्याचं काम, अर्ध्या मिनिटाचं.

म्हणून हा लेख दोन भागात आहे, आधी ओढायचं कसं ते, आणि मग ज्या पाच-सहा गोष्टींमुळे गाडी दोरावर येते त्या.

ओढायच्या आधी

गाडी कडेला घ्या, चारही इंडिकेटर चालू करा, आतली माणसं बाहेर काढून रस्त्यापासून लांब उभी करा. गाडीच्या मागे उभं राहून फोनवर बोलायचं नाही, येणाऱ्या वाहनाला तुम्ही दिसत नसता. ट्रँगल, म्हणजे इशाऱ्याचा लाल चमकणारा त्रिकोण, असेल तर वेगाच्या रस्त्यावर निदान 50 मीटर मागे ठेवा, वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे. गाडीला चिकटून ठेवलेल्या ट्रँगलचा काही उपयोग नसतो.

आता बोनेट उघडा. स्टार्टर मारल्यावर नुसतं टक-टक होतंय आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होतायत म्हणजे बहुतेक बॅटरी, दोन्ही टर्मिनल हाताने हलवून बघा, हलतायत तर घट्ट करा. ऑटोमॅटिक गाडी पी मध्ये स्टार्ट होत नसेल तर ब्रेक दाबून एन मध्ये करून बघा, गेअरचा स्विच नीट लागत नसला की असं होतं. बटण स्टार्ट गाडी चावी ओळखत नसेल तर चावीतला सेल गेलेला असू शकतो, बऱ्याच गाड्यांत चावी थेट स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबलं की चालतं. टेम्परेचरचा काटा वर गेलेला असेल तर इंजिन बंद करून गप्प बसा, निदान अर्धा तास, आणि रेडिएटरचं झाकण उघडू नका, आत पाणी प्रेशरखाली उकळत असतं आणि झाकण सैल झालं की ते थेट तोंडावर येतं.

एवढं करून काहीच होत नाही, मग ओढायचा विचार.

कुठली गाडी दोराने ओढायचीच नाही

हे आधी वाचा कारण सगळ्यात महागातली चूक इथेच होते.

ब्रेक गेलेले, स्टीअरिंग नीट फिरत नाही, चाक वाकलंय किंवा चाकातून घरघर येतेय, तर दोर विसरा, फ्लॅटबेडच मागवा. फ्लॅटबेड म्हणजे ज्याच्या पाठीवर अख्खी गाडी चढते तो ट्रक.

ऑटोमॅटिक गाडीचं कारण समजून घ्या म्हणजे लक्षात राहील. गेअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप असतो आणि नेहमीच्या ऑटोमॅटिकमध्ये तो इंजिनवर चालतो. इंजिन बंद, म्हणजे पंप बंद, पण चाकं जमिनीवर फिरतायत म्हणून गेअरबॉक्सचे आतले भाग फिरतायत आणि तेही तेलाशिवाय. न्यूट्रलमध्ये टाकलं की झालं असं लोक सांगतात, तसं होत नाही. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ठराविक अंतर आणि ठराविक वेगापर्यंत ओढायची परवानगी दिलेली असते, काहींमध्ये साफ मनाई असते, तेव्हा मॅन्युअल बघा, आणि मॅन्युअल हाताशी नसेल तर ओढू नका. सीव्हीटीलाही, म्हणजे ठराविक गेअर नसलेल्या ऑटोमॅटिकलाही, हेच लागू. एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गेअरबॉक्सच, फक्त क्लच-गेअरचं काम मोटर करते, त्यामुळे न्यूट्रलला आली तर दोराने थोडं अंतर चालतं, पण बॅटरी पूर्ण गेल्यावर ती गेअरमध्येच अडकून बसते आणि मग दोर लावून काय उपयोग.

फोर व्हील ड्राइव्ह किंवा ऑल व्हील ड्राइव्ह गाडीचं एक टोक उचलून दुसरी चाकं जमिनीवर फिरवत नेली तर पुढची-मागची चाकं जोडणाऱ्या मधल्या कपलिंगची वाट लागते, म्हणून चारही चाकं जमिनीवरून उचललेली हवीत. इलेक्ट्रिक गाडीत मोटर चाकांना कायम जोडलेली असते, चाक फिरलं की मोटर फिरते आणि मोटर फिरली की ती वीज तयार करायला लागते, त्या विजेने इलेक्ट्रॉनिक्स तापून खराब होऊ शकतं, म्हणून इलेक्ट्रिक गाडी फ्लॅटबेडवरच. हायब्रिडलाही तोच नियम लावा, वाद नको.

म्हणजे दोरासाठी उरल्या कोणत्या? साध्या मॅन्युअल गेअरच्या, ब्रेक-स्टीअरिंग शाबूत असलेल्या, आणि त्यासुद्धा जवळच्या गॅरेजपर्यंत. हायवेवर, एक्सप्रेसवेवर दोराने ओढायला बऱ्याच देशांत बंदी असते, तिथे हेल्पलाइनलाच फोन करायचा.

सामान

सळईसारखी लोखंडी वायर आणि साखळी नको. त्यांना ताण सोसायला लवचिकपणा नसतो, प्रत्येक झटका थेट गाडीच्या चेसीला बसतो, आणि वायर तुटली तर चाबकासारखी उलटून येते. नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा टोचन पट्टा घ्या, दोन्ही टोकांना हुक किंवा लूप असलेला, लांबी 4 ते 5 मीटर, आणि त्याच्यावर लिहिलेली क्षमता तुमच्या गाडीच्या वजनाच्या निदान दुप्पट असलेली बरी. साधी कार माणसं-सामान धरून सव्वा ते दीड टनाची असते आणि झटक्याचा जोर त्याहून बराच जास्त होतो. पट्ट्याला गाठ मारून जोडू नका, गाठीच्या जागी पट्टा बराच कमकुवत होतो आणि ताण बसलेली गाठ नंतर कापूनच काढावी लागते. डी शॅकल, म्हणजे पिन असलेली डी आकाराची लोखंडी कडी, वापरत असाल तर पिन पूर्ण आवळून मग पाव फेरा मागे घ्या, नाहीतर ताणानंतर ती हाताने निघत नाही.

आता टो हुक. आजकालच्या गाड्यांत तो बाहेर दिसत नाही, डिकीत स्टेपनीजवळ जॅक-पान्याबरोबर एक जाड लोखंडी डोळा असतो तो हाच. बंपरवर एक छोटं चौकोनी किंवा गोल झाकण असतं, ते स्क्रूड्रायव्हरला फडकं गुंडाळून हळूच काढायचं, आत आटे असतात. हुक हाताने शेवटपर्यंत फिरवत न्या आणि मग पान्याची दांडी त्याच्या डोळ्यात घालून घट्ट करा. काही गाड्यांत हे आटे उलटे असतात, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेला फिरवल्यावर आवळतात, त्यामुळे बसत नाहीये म्हणून जोर लावायच्या आधी उलटं फिरवून बघा. दोन-चार आटे बाहेर राहिलेला हुक पहिल्या झटक्यात वाकतो.

दोर कुठे लावायचा नाही ते पण सांगतो, बंपर, सस्पेन्शनचे आर्म, स्टीअरिंगचा रॉड, अँटी रोल बार यातलं काहीच नाही. गाडीखाली कधीकधी छोट्या कड्या किंवा भोकं दिसतात, ती गाडी ट्रेलरवर खाली बांधून ठेवण्यासाठी असतात, ओढायला नाहीत. माझा बंपर असाच गेला.

मागच्या गाडीत कोण बसणार

घरातला सगळ्यात नवखा ड्रायव्हर मागच्या बंद गाडीत बसवतात, "तुला काय, नुसतं स्टीअरिंग धरायचंय". अगदी उलटं करा. पुढच्याला फक्त हळू चालवायचंय. मागच्याला दोर ताणलेला ठेवायचाय, ब्रेक त्यालाच मारायचाय, आणि तेही अशा गाडीत जिचा ब्रेक दगडासारखा झालेला असतो. तेव्हा तुमच्यातला अनुभवी माणूस मागे.

ब्रेक दगडासारखा का होतो? ब्रेक बूस्टरला इंजिनचा व्हॅक्यूम लागतो, इंजिन बंद असताना उरलेला व्हॅक्यूम दोन-तीनदा पेडल दाबलं की संपतो आणि मग गाडी थांबते पण पायाचा पूर्ण जोर लावून. पॉवर स्टीअरिंगही जड होतं. त्यामुळे निघायच्या आधी गाडी उभी असतानाच मागच्याने पाच-सहा वेळा ब्रेक दाबून तो जडपणा अनुभवून घ्यावा, रस्त्यात पहिल्यांदा कळलं तर माणूस घाबरतो आणि ब्रेक फेल झाला समजतो. बिघाड क्लचचा वगैरे असेल आणि इंजिन सुरक्षितपणे चालू राहत असेल, तर न्यूट्रलमध्ये चालू ठेवा, ब्रेक आणि स्टीअरिंग नेहमीसारखं मिळतं.

इग्निशन ऑन हवं. चावी काढलीत किंवा लॉकवर ठेवलीत तर स्टीअरिंग लॉक होतं आणि पहिल्या वळणाला तुम्ही सरळ जाता. बटणवाल्या गाडीत बॅटरी पूर्ण गेली असेल तर स्टीअरिंग लॉक निघतंच असं नाही, इलेक्ट्रिक हँडब्रेकही सुटत नाही, अशा वेळी आधी बॅटरीला बाहेरून करंट द्या नाहीतर फ्लॅटबेड.

प्रत्यक्ष ओढताना

1. पुढची गाडी मागच्या गाडीएवढी किंवा जड हवी. बंद गाडीत ड्रायव्हर सोडून कुणी नको.

2. दोर लावा, शक्यतो दोन्ही गाड्यांच्या एकाच बाजूच्या हुकला म्हणजे तो तिरका ताणला जात नाही. दोराच्या मधोमध एक जाड चादर किंवा फूट मॅट टाका, दोर तुटलाच तर उडण्याचा जोर कमी होतो, आणि लाल फडकं बांधा म्हणजे मधून कुणी बाइकवाला घुसणार नाही. घुसतात, खरंच घुसतात.

3. खुणा ठरवा. हॉर्न एकदा म्हणजे हळू, दोनदा म्हणजे थांब, असं काहीतरी साधं. फोन चालू ठेवून स्पीकरवर बोलत जायचा मोह होतो, रेंज गेली की खुणाच कामाला येतात.

4. मागची गाडी न्यूट्रल, हँडब्रेक खाली. हँडब्रेक राहून गेला तर मागून वास येईपर्यंत कुणाला कळत नाही.

5. पुढच्याने पहिला गेअर, हाफ क्लचवर रांगत दोर ताणून घ्यायचा, क्षणभर थांबल्यासारखं करायचं आणि मग हळूच निघायचं. झटका मारून काढायची नाही. दोर ताणला जाईपर्यंत आजूबाजूला कुणी उभं राहू नये, निदान दोराच्या लांबीएवढं लांब.

6. वेग 20 ते 30 च्या पुढे नाही. साधा हिशोब करा, ताशी 30 किमीला गाडी सेकंदाला 8 मीटरहून जास्त जाते, मध्ये दोर 4 मीटरचा, म्हणजे पुढची गाडी एकदम कशाला तरी अडून थांबली तर तुमच्याकडे अर्धा सेकंद आहे आणि माणसाला ब्रेकवर पाय न्यायलाच जवळपास एक सेकंद लागतो. म्हणून मागच्याने पुढच्या गाडीच्या ब्रेक लाइटची वाट बघायचीच नाही, तिच्या काचेतून आरपार किंवा बाजूने पुढचा रस्ता बघत राहायचं. आणि पुढच्याने थांबायच्या बरंच आधी ब्रेक नुसता टेकवून दिवा दाखवायचा.

7. थांबताना आधी मागची गाडी ब्रेक लावते. उतारावर तर मागच्यानेच ब्रेक हलका धरून दोर ताणलेला ठेवायचा, दोन्ही गाड्यांचा ब्रेक तो एकटा सांभाळतो म्हटलं तरी चालेल. दोर सैल पडून चाकाखाली गेला की पुढचा झटका भयंकर बसतो.

8. वळण मोठं घ्या, मागची गाडी आतल्या बाजूने कट मारते. मोठा घाट असेल तर दोराने जाऊच नका.

चिखलात रुतलेली गाडी काढणं हा वेगळा प्रकार, तिथे झटके देऊन काढायचा मोह जास्त होतो. आधी चाकासमोरची माती उकरा, फळी, फांद्या, फूट मॅट काहीही चाकाखाली घाला, मग सरळ रेषेत सावकाश ओढा. ट्रेलर जोडायचा जो गोल बॉल असतो त्याला दोर अडकवून रुतलेली गाडी काढू नका, तो बॉल तुटून तोफगोळ्यासारखा उडतो आणि त्यात माणसं मेलेली आहेत.

ट्रक आला तर

फ्लॅटबेडवाल्याला गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, ऑटोमॅटिक आहे, काय आहे ते फोनवरच सांगा, नाहीतर तो एक टोक उचलणारी क्रेन घेऊन येतो. क्रेनच असेल तर जी चाकं इंजिनने फिरतात ती उचलली गेली पाहिजेत, म्हणजे बहुतेक छोट्या कार पुढून. गाडी चढवायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा, किमती सामान काढून घ्या. विंचचा, म्हणजे गाडी वर ओढून घेणाऱ्या चक्रीचा, हुक टो हुकलाच लावतोय ना ते बघा. वर चढल्यावर गाडी गेअरमध्ये किंवा पी मध्ये, हँडब्रेक वर आणि पट्टे चाकांवरून, एवढं बघून मग सही करा. हे सगळं त्याच्या डोक्यावर उभं राहून बघितलं तर तो वैतागतो, वैतागू दे.

धक्का स्टार्टबद्दल एकच, मॅन्युअल गाडीत चालतो, पण सारखा सारखा नको, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो. आणि दोराने ओढत ओढत गाडी स्टार्ट करायची तर अजिबात नाही, चालू झाली की ती पुढच्याच्या डिकीत घुसते.

आता ती वेळच येऊ नये म्हणून

*बॅटरी.* तीन ते पाच वर्षं हे तिचं साधारण आयुष्य, तीन वर्षांनंतर तिच्यावर विश्वास कमी करत जा. साधा मल्टिमीटर घेऊन ठेवा. गाडी काही तास बंद असताना 12.6 व्होल्ट म्हणजे फुल, 12.4 च्या खाली गेली तर चार्ज कमी, 12 म्हणजे जवळपास बसलेली. इंजिन चालू केल्यावर साधारण 13.7 ते 14.7 दिसायला हवं, तेवढं दिसत नसेल तर दोष बॅटरीचा नाही, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा, आणि नवी बॅटरी घालून काही होणार नाही, दोन दिवसांनी तीही बसेल. काही नव्या गाड्यांत चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त केलं जातं, तिथे आकडा थोडा इकडेतिकडे होतो. टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी आली की आधी निगेटिव्ह काढा मग पॉझिटिव्ह, खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने ब्रशने घासा, कोरडं करा, बसवताना पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी. हा क्रम का? निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला लागला तर ठिणगी पडते, पाना लाल होतो.

दुसऱ्या गाडीवरून करंट घ्यायचा तर लाल वायर आधी बसलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीला नाही, कारण शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो.

*कूलंट.* इंजिन थंड असताना प्लॅस्टिकच्या बाटलीवर मिन आणि मॅक्सच्या मध्ये लेव्हल आहे का, पंधरा दिवसांतून एकदा नुसतं बघायचं. लेव्हल सारखी कमी होतेय तर वर ओतत राहू नका, गळती शोधा. नळाचं पाणी घालायची सवय सोडा, त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलं मिळतं ते. गाडी चालवताना काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकायला लागला तर एसी बंद, हीटर फुल चालू, हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो, इंजिनची थोडी उष्णता तो आत घेतो. तुम्ही घामाने निथळाल पण कडेला थांबायला जागा मिळेपर्यंत इंजिन वाचतं. "गॅरेज जवळच आहे, पोचू" म्हणून तापलेली गाडी चालवणारे हेड गॅस्केटचं बिल भरतात, आमच्या मित्राने दोनदा भरलंय.

*टायर.* हवा थंड टायरमध्ये बघा, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो, टायरवर लिहिलेला आकडा म्हणजे कमाल मर्यादा, तो भरायचा नसतो. नक्षी 1.6 मिमीवर आली की खाचांमधल्या छोट्या उंचवट्यांच्या बरोबरीला येते, तेव्हा टायर संपला, पावसाळ्यासाठी तर त्याच्याही आधी बदला. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला. आणि स्टेपनीतली हवा! पंक्चर झाल्यावर स्टेपनी काढायची आणि तीही बसलेली, याच्यासारखा अपमान नाही.

*तेल आणि पट्टे.* सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक काढा, पुसा, परत घालून काढा, दोन खुणांच्या मध्ये हवं. तेल दुधाळ दिसलं तर कूलंट मिसळतंय, गाडी चालवू नका. टायमिंग बेल्ट असलेली गाडी असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरला तो बदला, चालत्या गाडीत तुटला तर बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो आणि मग काम फार महागात पडतं. सेकंडहँड गाडी घेतली आणि बेल्ट कधी बदलला ते कळत नाही, तर बदलला नाही असंच धरा.

*क्लच, ब्रेक.* वरच्या गेअरला ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम वाढतो पण गाडी वेग घेत नाही म्हणजे क्लच घसरतोय, लांबच्या प्रवासाआधी बघून घ्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, साधारण दोन वर्षांनी बदला, नाहीतर घाटात तापून त्यात वाफ होते आणि पेडल खाली जातं. पॅड 3 मिमीच्या आसपास आले की बदलायचे.

*इंधन.* पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका. बहुतेक गाड्यांत इंधनाचा पंप टाकीतच असतो आणि आजूबाजूच्या इंधनानेच तो थंड राहतो.

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याला थांबायचं, पिवळ्याला लवकर गॅरेज गाठायचं, एवढं लक्षात ठेवा. त्यात ऑइल प्रेशरचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर लगेच इंजिन बंद, पुढच्या वळणापर्यंतसुद्धा नाही.

डिकीत मी कायम ठेवतो ते म्हणजे टोचन पट्टा, जंप केबल, टॉर्च, हातमोजे, ट्रँगल, दहा नंबरचा पाना आणि एक जुनी चादर. आज घरी गेल्यावर डिकीतला टो हुक एकदा काढून लावून बघा, झाकण कुठल्या बाजूने निघतं आणि आटे सुलटे आहेत की उलटे हे उजेडात कळलेलं बरं. वापरून झाला की पुसून जागेवर ठेवा, माझा एकदा पुढच्या गाडीवाल्याच्या पट्ट्याला अडकलेलाच त्याच्या डिकीत गेला, तो गेला तो गेलाच.